हळदीचे फोटो जगाला विकताना: स्टॉक फोटोग्राफीचा माझा अनुभव

२०२० च्या उन्हाळ्यात लग्नांच्या ऑर्डरी बंद पडल्या आणि कॅमेरा घरातच राहिला. स्टॉक फोटोग्राफीबद्दल, म्हणजे फोटो साइटवर ठेवायचे आणि हव्या त्या ग्राहकाने पैसे देऊन वापरायला घ्यायचे या प्रकाराबद्दल, आधीपासून ऐकून होते, पण लग्नसराईतून मान वर काढायला सवड मिळत नव्हती. आता हा धंदा ऑनलाइन कसा वाढला ते वाचत गेले. कॅनडातल्या कॅल्गरीत ब्रूस लिव्हिंगस्टोन यांनी २००० साली आयस्टॉकफोटो सुरू केलं, ते मुळात फोटोंच्या देवाणघेवाणीसाठी. सहा वर्षांत गेटी इमेजेस या फोटो विकणाऱ्या मोठ्या कंपनीने ते ५ कोटी डॉलरला विकत घेतलं. २००३ मध्ये जॉन ओरिंगर यांनी स्वतः काढलेले ३० हजार फोटो टाकून न्यूयॉर्कमध्ये शटरस्टॉक उभं केलं आणि ग्राहकांकडून महिन्याची वर्गणी घ्यायला सुरुवात केली. वर्गणीमुळे फोटो स्वस्त झाले, घेणारे अफाट वाढले आणि सांगलीत बसलेल्या मलाही दार उघडलं. पण एका डाउनलोडमागे हातात पडतात ते बहुतेक वेळा काही सेंट. हे मनाशी पक्कं करूनच यात उतरावं.

खातं उघडणं सोपं. पुढची पायरी कराची. कंपनी अमेरिकन असेल तर डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात पॅन नंबर दिला आणि भारत-अमेरिका कर-कराराचा लाभ मागितला की तिथल्या ग्राहकांकडून आलेल्या रॉयल्टीवर ३० ऐवजी १५ टक्के कर कापला जातो. आमच्या सीएंना हा प्रकार नवीन होता. दोघांनी मिळून करार वाचला, मग रिटर्नसोबत फॉर्म ६७ भरून तो कापलेला कर इथे वळता करून घेतला.

सुरुवातीचे फोटो घरच्या मसाल्याच्या डब्याचे. तशा फोटोंचा तिथे डोंगर आहे, त्यामुळे ते फारसे हलले नाहीत. वाहतूक सुरळीत झाल्यावर मी मार्केट यार्डात आणि आसपासच्या शेतांवर जायला लागले. हळद काढणं, ती कुकरमध्ये शिजवणं, वाळत घालणं, ढोलात पॉलिश करणं, सौद्याला मांडलेल्या राशी. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण या कामाचे नीट फोटो शोधले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडत होते. माझी खरी विक्री सुरू झाली ती इथून.

फोटो तपासणारे मात्र कडक. चार मेगापिक्सेलपेक्षा लहान फोटो चालत नाही, अंधाऱ्या भागात दिसणारे बारीक ठिपके किंवा हललेला फोकस चालत नाही, आणि पोत्यावर छापलेलं व्यापाऱ्याचं नाव तर मुळीच नाही. मी पोती उलटी करून मांडायला सांगते, नाहीतर घरी बसून अक्षरं पुसते.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो माणसांच्या संमतीत, आणि तो जायलाच हवा. चेहरा ओळखू येत असेल तर त्या व्यक्तीची आणि एका साक्षीदाराची सही लागते. फॉर्म इंग्रजी. हळद निवडणाऱ्या एका अक्कांनी विचारलं, "ताई, ह्यो फोटू कुठं लागंल?" मी म्हटलं, "अक्का, ते मला सांगता यायचं नाही. परदेशातल्या मसाल्याच्या पाकिटावरसुद्धा लागेल." त्यावर त्यांचा पुढचा प्रश्न, "आन् रोगाच्या जाहिरातीत लावला तर?" प्रश्न अगदी रास्त होता. माणूस आजारी किंवा गुन्हेगार आहे असं भासवायला फोटो वापरायचा नाही, अशी अट परवान्यात असते. मी ती मराठीत वाचून दाखवली. त्यांनी विचार करून सही केली, त्यांच्या शेजारणीने नको म्हटलं. शेजारणीचे मी फक्त हात घेतले. सही करणाऱ्या प्रत्येकीला त्याच दिवशी पैसे देते, फोटो विकला जावो न जावो. त्यांच्या चेहऱ्यावर धंदा करून त्यांनाच कोरडं ठेवणं मला पटत नाही.

मग येतात कीवर्ड, म्हणजे ज्यांवरून ग्राहकाला शोधताना फोटो सापडतो ते शब्द. एका फोटोला पन्नासच्या आसपास शब्द देता येतात, पण पहिले दहा महत्त्वाचे. 'भारत', 'पिवळा', 'सुंदर' असे शब्द सगळेच टाकतात. मी कुर्कुमा लोंगा हे शास्त्रीय नाव, सांगली, काढणीनंतरची प्रक्रिया, लिलाव असे नेमके शब्द देते. हरिपूरच्या पेवांचा, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांचा फोटो असाच नेमक्या मथळ्यामुळे विकला गेला.

वाढ संथ होती. पैसे काढण्यासाठी किमान रक्कम साठावी लागते, अडोबी स्टॉक या साइटवर ती २५ डॉलर आहे. पहिल्यांदा तिथे पोचायला बरेच महिने गेले. मध्येच एका साइटने मोबदल्याचे दर बदलले, तेव्हापासून मी सगळे फोटो एकाच ठिकाणी ठेवत नाही. आता एआयने बनवलेल्या चित्रांचा लोंढा आला आहे. ताटातल्या हळदपुडीसाठी ती चित्रं चालतील. पण शिजलेल्या हळकुंडाची वाफ, राशीत हात घालून माल पारखणारा खरेदीदार, हे ज्याला खरं हवं आहे त्याला खराच फोटो लागतो, आणि असे ग्राहक मला अजून मिळत आहेत.

लग्नाची कामं पुन्हा जोरात आहेत, तरी हळदीच्या हंगामातले मोकळे दिवस मी यार्डासाठी राखून ठेवते. पुढच्या वर्षी तासगावकडच्या बेदाणा शेडचं काम, द्राक्षं लवकर वाळावीत म्हणून डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवण्यापासून प्रतवारीपर्यंत, क्रमाने टिपायचं ठरवलं आहे. शेडमालकांची परवानगी आत्ताच मागते आहे, कारण एकदा माल जाळीवर पडला की तिथे कुणाला बोलायला फुरसत नसते.