फिलिपिनो तरुणांना अजून आशा आहे का?

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. मी भातसंशोधनाच्या कामानिमित्त फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला राहतो हे कळले की पुण्यात हा प्रश्न हमखास येतो : १९६० च्या सुमारास दरडोई उत्पन्नात दक्षिण कोरियाच्या पुढे असलेला फिलिपिन्स इतका मागे पडला, तर तिथल्या तरुणांनी देशाकडून आता कशाची आशा धरायची? आशा आहे, पण ती फार बारीकसारीक गोष्टींची आहे आणि मला ती त्यामुळेच खरी वाटते.

हुकलेल्या संधींची यादी मोठी आहे. बाबा आमटे आणि आरोळे दांपत्यामुळे आपल्याला परिचित झालेला पुरस्कार ज्यांच्या नावाने दिला जातो, ते लोकप्रिय अध्यक्ष रामोन मॅगसेसे १९५७ मध्ये विमान अपघातात गेले. १९६५ मध्ये निवडून आलेल्या फर्डिनांड मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला, आणि १९८६ च्या फेब्रुवारीत मनिलाच्या एड्सा रस्त्यावर चार दिवस ठाण मांडून जनतेने त्यांना घालवले, तोवर देशावर सुमारे २६ अब्ज डॉलरचे परकीय कर्ज होते. त्या कर्जातूनच बातानचा ६२१ मेगावॅटचा अणुवीज प्रकल्प उभा राहिला. त्याने विजेचे एक युनिटही दिले नाही. हप्ते मात्र २००७ पर्यंत फेडावे लागले. माझ्या प्रयोगशाळेतली एक सहकारी १९९९ मध्ये जन्मलेली आहे. ती प्राथमिक शाळेत असतानाही देश त्या बंद प्रकल्पाचे पैसे भरत होता.

माझ्या मते सर्वांत मोठी संधी हुकली ती मार्कोस गेल्यानंतर. १९८७ च्या राज्यघटनेने राजकीय घराणेशाहीला बंदी घातली, पण घराणेशाही म्हणजे नेमके काय हे कायद्याने ठरवावे असेही त्याच वाक्यात लिहून ठेवले. तो कायदा करायचा होता संसदेने, आणि संसदेत पिढ्यान् पिढ्या बसत आलेली होती तीच घराणी. परिणामी मसुदे येत राहिले आणि पडून राहिले. २०१६ मध्ये एक कायदा झाला खरा, पण तो गावपातळीवरच्या युवक परिषदेपुरता : अठरा ते चोवीस वर्षांच्या उमेदवाराचे आईवडील, भावंडे किंवा आजीआजोबा त्या भागात निवडून आलेले असतील, तर त्याला उभे राहता येत नाही. म्हणजे वडीलधाऱ्यांनी जो नियम स्वतःला लावला नाही, तो आधी मुलांना लावला. माझी सहकारी हे हसत सांगते, पण नियम वाईट आहे असे ती कधीच म्हणत नाही.

तिची आई रियाधमध्ये परिचारिका आहे. मनुष्यबळ परदेशी पाठवणे हे १९७४ पासून तिथले अधिकृत धोरण आहे, आणि २०२३ मध्ये बाहेरून आलेली रक्कम ३३ अब्ज डॉलरहून अधिक होती. या पैशावर घरे उभी राहिली, मुले शिकली. मात्र अनेकांचे बालपण आजीच्या घरी गेले. तिला स्वतःला सरकारी विद्यापीठात शुल्क भरावे लागले नाही, कारण २०१७ च्या कायद्याने ते माफ झाले होते. इथल्या पगारात घर चालावे आणि उद्या मूल झाले तर ते आपल्याजवळ वाढावे, एवढीच तिची देशाकडून अपेक्षा आहे.

माझ्या क्षेत्राबद्दलही लोक टोचून विचारतात. जिथे १९६६ मध्ये आयआर-८ ही भरघोस उत्पादन देणारी भाताची वाण प्रसारित झाली, तो देश आज जगातल्या मोठ्या तांदूळ आयातदारांपैकी एक कसा? त्याला डोंगराळ बेटे, विस्तीर्ण नदीखोऱ्यांचा अभाव आणि दरवर्षीची वादळे ही कारणे आहेतच. पण कालवे आणि बंधारे यांकडे झालेले दुर्लक्ष निसर्गाच्या माथी मारता येत नाही.

बंधाऱ्यांवरूनच २०२५ मध्ये लोक रस्त्यावर आले. पूरनियंत्रणावर २०२२ पासून झालेल्या सुमारे ५४५ अब्ज पेसोंच्या खर्चापैकी जवळजवळ पाचवा हिस्सा अवघ्या पंधरा कंत्राटदारांकडे गेल्याचे खुद्द अध्यक्षांनीच जाहीर केले, आणि हे अध्यक्ष म्हणजे त्याच मार्कोस यांचे चिरंजीव. कामांची यादी खुली होताच लोक ती घेऊन नदीकाठी गेले. बुलाकान प्रांतात कागदावर पूर्ण झालेली काही कामे जागेवर नव्हतीच. २१ सप्टेंबरला, म्हणजे लष्करी कायद्याच्या स्मरणदिनी, मनिलात मोठे मोर्चे निघाले. माझी सहकारीही गेली होती. नवा तारणहार मिळावा असे तिला वाटत नाही, कारण १९८६ नंतर कोणाकोणाला तारणहार मानले गेले ते तिने घरात ऐकले आहे. तिला हवे आहे ते एवढेच की कोणते काम कोणाला, किती रकमेला दिले, हे काम सुरू होण्यापूर्वी गावाला कळावे.

तिचा धाकटा भाऊ पुढच्या युवक परिषदेला उभा राहणार आहे. निवडणूक आणखी लांबली नाही तर, कारण ती पुढे ढकलण्याची तिथे जुनीच सवय आहे. बारांगायच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या घटकाच्या सर्वसाधारण निधीतले दहा टक्के या परिषदेकडे येतात. त्याला त्यातून बास्केटबॉलचे मैदान दुरुस्त करायचे आहे. बहिणीचा आग्रह आहे की मैदान जरूर कर, पण त्याआधी सिमेंटच्या प्रत्येक पोत्याची पावती फलकावर लाव.