तलफ घाटकोपरला उतरते

सोळा वर्षं सिगरेट ओढली. रोजच्या दहा-बारा, ऑफिसात राडा असेल त्या दिवशी पंधरा. का सोडली ते विचारू नका, सगळ्यांचं तेच असतं, परळचा पूल चढताना धाप लागली आणि मागून येणारे साठीतले एक काका मला ओलांडून पुढे निघून गेले, बास. सांगायचंय ते सोडल्यानंतरचं, कारण ते कोणी नीट सांगतच नाही, जो तो "मनाचा निर्धार पाहिजे रे" म्हणून मोकळा. निर्धार माझा आधी चार वेळा झालेला. त्यातला सगळ्यात मोठा सव्वा दिवस टिकला.

मी सुटी सिगरेटच घ्यायचो, पाकीट घेतलं की जास्त ओढली जाते असा आपला हिशोब. (सुटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर ते कोण बघतं.) तर टपरीत रचलेल्या पाकिटांवर त्या भयानक फोटोबरोबर एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, तंबाखू सोडायच्या सरकारी हेल्पलाइनचा, इतकी वर्षं तो डोळ्यासमोर होता पण कधी वाचला नाही. एकदा तिथेच उभं राहून लावला, हो, हातात पेटलेली होती. पलीकडच्या मॅडमनी लेक्चर दिलं नाही, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात ओढता एवढं विचारलं आणि म्हणाल्या सोडायची एक तारीख ठरवा, तोपर्यंत प्रत्येक सिगरेट लिहून ठेवा, किती वाजता, कुठे, कोणाबरोबर.

मोबाइलमध्ये लिहायला लागलो आणि आठवड्याने बघतो तर मजाच. भांडुप ते परळ स्लो लोकल, चांगला पाऊण तास, चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला नाहीतर लटकलेला, त्यात एकही नोंद नाही. नसणारच, गाडीत कोण ओढणार, पण मुद्दा असा की त्या पाऊण तासात मला सिगरेट आठवतसुद्धा नव्हती! परळच्या फलाटावर पाय टेकला की हात आपोआप खिशात. म्हणजे एवढा जीव जातो, जीव जातो म्हणतो ते नक्की कुठे जातो? तलफ माझ्यात कमी आणि त्या पुलाखालच्या टपरीत जास्त होती असं म्हणायला हरकत नाही.

तारीख ठरवली २०२४ ची १५ ऑगस्ट, ऑफिसातल्यांनी यथेच्छ चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी टपरीवर सांगायला गेलो, कारण तो भैया मला लांबून बघितलं की एक काढून पुढे धरायचा, मी काही बोलायच्या आत. तसंच झालं, हात पुढे आलेला. म्हटलं भैया, बंद किया. दोन सेकंद हात तसाच, मग सिगरेट परत डब्यात, आणि मग, "अच्छा किया साब. वो एक सौ चालीस बाकी है, वो देते जाना." दिले. उधारी फिटली की परत जायला निमित्त राहत नाही. त्या दिवसापासून पुलाच्या दुसऱ्या बाजूने उतरायला लागलो, पाच मिनिटं जास्त लागतात.

पहिले तीन-चार दिवस मात्र बेक्कार गेले. डोकं जड, घरात सगळ्यांवर खेकसणं, आणि सकाळचं गणित तर पार बिघडलं, ज्यांना चहा-सिगरेटशिवाय 'जाता' येत नाही त्यांना कळेल मी काय म्हणतोय. (सोडल्यावर बद्धकोष्ठ होतं हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितलं, तोवर इसबगोल आईने आणून ठेवलं होतं.) निकोटिनची च्युइंगगम आणली तर ती मी साध्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावली, घशात आग, उचक्या, मळमळ, म्हटलं मसणात गेली ती गम. डॉक्टर हसले. ती सारखी चावायची नसतेच, दोन-चारदा हळू चावायची, तिखटपणा आणि झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, ते गेलं की परत थोडी चावायची, अर्धा तास हे असं. आणि चहा-कॉफी किंवा आंबट काही प्यायलात तर पंधरा मिनिटं गम नाही, तोंडात आंबटपणा असला की निकोटिन नीट शोषलंच जात नाही. माझी पहिली सिगरेट उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत असायची म्हणून त्यांनी २ ऐवजी ४ मिलिग्रॅमची लिहून दिली, तेव्हा कुठे फरक पडला.

चहाचं तर वेगळंच निघालं. रात्री झोप नाही, हात थरथरतात, मी म्हणायचो सिगरेट मागतंय शरीर. डॉक्टरांनी विचारलं चहा किती? म्हटलं सात-आठ कटिंग. तर म्हणे सिगरेटच्या धुराने लिव्हर कॅफिन भराभर संपवतं, धूर बंद झाला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. चारवर आलो, झोप लागली. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मागच्या चारपैकी एखादा निर्धार वाचला असता.

आणि तलफ आली की काय करायचं, तर मी मनात गाडी सोडायचो. कुठेतरी वाचलं होतं की एक तलफ पाच-दहा मिनिटांची असते, पण घड्याळाकडे बघत बसलं की ती पाच मिनिटं तासाएवढी होतात. म्हणून डेस्कवरून उठायचो, बाटली भरायला जायचो आणि भांडुपहून स्लो सोडायची, मधे सिग्नलला थांबवायची, कांजूर, त्या बाजूचे लोक उतरले, विक्रोळी, गर्दीचा रेटा, आणि घाटकोपर आलं की मेट्रोवाले धडाधड उतरतात तशी तलफही उतरलेली असायची. हसा, पण झालंय. दोनदा कुर्ल्यापर्यंत जावं लागलं, एकदा अप्रेझलच्या दिवशी थेट दादर.

या सगळ्यात मी ऑफिस, पूल, चहा, जेवणानंतर असा सगळा बंदोबस्त केलेला, आणि घात झाला तो सोसायटीच्या गणपतीत. गौरी जेवल्या त्या रात्री जागरण, मांडवाच्या मागे पोरांबरोबर पत्ते, ताण नाही, भांडण नाही, उलट मी जिंकत होतो, कोणीतरी पत्ते पिसताना पाकीट सरकवलं आणि मी एक उचलली, विचारसुद्धा केला नाही. सत्तावीस दिवस झाले होते. पहिल्या झुरक्याला गरगरलं, तरी तीन ओढल्या. यादीत ती जागा नव्हतीच ना, वर्षातून एकदाच येते.

घरी आलो तर आई जागीच. "ओढलीस." म्हटलं हो. "किती?" तीन. "मग चौथी नको ओढूस, झोप जा." एवढंच. मी आपला आता सगळं परत पहिल्यापासून म्हणून रडका चेहरा करून उभा. हेल्पलाइनवाल्यांचा फॉलोअपचा फोन आला तेव्हा त्यांनीही काही ओरडा दिला नाही, म्हणाल्या हीपण लिहून ठेवा, कुठे, कोणाबरोबर. लिहिली. मांडवामागे, अकरा सप्टेंबर, रात्री पावणेदोन. विसर्जनापर्यंत पत्त्यांना गेलो नाही.

त्यानंतर नाही ओढली. गम तीनेक महिन्यांत कमी करत बंद केली. वाटलं संपलं, आणि पुढच्या पावसाळ्याच्या पहिल्या सरीला रेनकोट काढला तर खिशात लायटर, नऊ महिने तसाच पडलेला. बाहेर ओल्या मातीचा वास आणि समोर ताडपत्रीखाली टपरीवरची गर्दी, काय तलफ आली म्हणून सांगू, गाडी भांडुपहून सुटेचना. बायको दारात छत्री द्यायला आली, तिने हातातला लायटर बघितला. मला वाटलं आता ऐकावं लागणार.

"चालतो का?" तिने विचारलं.

दाबून बघितला, चालत होता. आमचा गॅसचा लायटर आठवडाभर बिघडलेला, काड्यापेटीवर चाललं होतं. तो आता ओट्यावर असतो.