तुम्ही विचारलंत म्हणून: ती चौकट रिकामी का?

मोक्षपट या जुन्या खेळावरच्या माझ्या फोटो-प्रदर्शनात अकरा फोटो आणि एक रिकामी चौकट. त्या चौकटीबद्दल जेवढे प्रश्न आले, तेवढे अकरा फोटोंबद्दल मिळूनही आले नाहीत. "खाली 'मत्सर' लिहिलंय आणि वर नुसती काच, म्हणजे बघणाऱ्याने आपलाच चेहरा पाहायचा ना?" दोनदा मी "हो" म्हणून सुटका करून घेतली. एका गृहस्थांनी तर त्यावर मलाच अर्धा तास समजावलं आणि मी चहाचा कप धरून मान हलवत राहिले. आता एकदाच सांगते. कल्पना वगैरे काही नव्हती. तिथे माझ्या ताईचा फोटो होता. तो मी उतरवला.

मोक्षपट म्हणजे काय, ते पुन्हा सांगत बसत नाही. ज्ञानेश्वरांनी केला असं म्हणतात, आणि आपली सापशिडी त्याचीच नात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्यात हवे होते ते नावाचे साप. जुन्या पटावर साप म्हणजे काम, क्रोध, लोभ. शिडी म्हणजे दया, क्षमा, भक्ती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडला गेला. आपल्या लहानपणी पाठीमागे ल्युडो छापलेला पुठ्ठा मिळायचा, त्यावर नुसते आकडे उरले होते. मला ती नावं परत आणायची होती, माणसांच्या अंगावर कपडे चढवून. सहा साप, सहा शिड्या.

सांगलीत हे जमतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच नाटक उभं केलं, त्यामुळे की काय, पगड्या-तलवारी भाड्याने मागितल्या तर इथे कुणी वळून बघत नाही. पाठीमागे काळी घोंगडी (उजेड पिते), डावीकडे माजघराची खिडकी, उजवीकडे थर्माकोल. साप खरा किंवा रबरी नको, तो पेहरावातूनच निघायला हवा, असं ठरवलं होतं. क्रोधाच्या फेट्याचा शेमला गळ्याभोवती आला. लोभ झाले आमच्या गल्लीतले, हळदीच्या अडतीतून निवृत्त झालेले काका. त्यांच्या कमरेचा पैशांचा कसा मांडीवर वेटोळं घालून बसला. काकांनी तो फोटो व्हॉट्सअॅपला लावलाय, अजून आहे. म्हणजे नावाचा त्रास सगळ्यांनाच होतो असं नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

ताईला मी फोनवर विचारलं. "मत्सर करशील?"

"का, मला शोभेल?"

"तुझा चेहरा कॅमेऱ्यात चांगला येतो."

हे खरं आहे. पण शेजारच्या वहिनीही तयार होत्या, त्यांचाही चेहरा चांगला येतो. बारावीनंतर ताईला पुण्याला शिकायला जायचं होतं. त्या वर्षी बाबांचं दुकान बुडालं, तिचं लग्न झालं. चार वर्षांनी घर सावरलं आणि मी गेले, चित्रकला शिकायला. तिने हे कधी एका शब्दाने काढलं नाही. मी मात्र विसरले नव्हते, असं आज म्हणते. तेव्हा विचारलं असतंत तर म्हणाले असते, योगायोग.

नऊवारी, नथ, हिरवा चुडा. (हिरवा मत्सराचा म्हणून का, असंही विचारतात. नाही हो. ती इंग्रजी कल्पना. आपल्याकडे हिरवा चुडा सवाष्णीचा.) तिचे केस आता विरळ झालेत, म्हणून गंगावन लावून लांब वेणी घातली, टोकाला गोंडा, आणि ती खांद्यावरून पुढे घेतली. तो साप. "काय करू?" तिने विचारलं. "काही करू नकोस. तुला हवं होतं आणि दुसऱ्याला मिळालं, असं काहीतरी आठव." ती हसली. मग हसू हळूहळू उतरलं आणि मी बटण दाबलं.

आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो. प्रिंट हातात आली तेव्हा दिसलं, तिची नजर लेन्समध्ये नाही, चार बोटं वर आहे. कॅमेरा स्टँडवर होता. चार बोटं वर मी होते.

तरी टांगला.

पहिल्याच संध्याकाळी ताई आली, बरोबर तिच्या जाऊबाई आणि माझी भाची. भाची तिसरीत, दिसेल ते वाचते. आईच्या फोटोखाली थांबली आणि जोडाक्षराशी झगडली. "म... मत्... मत्सर. आई, मत्सर म्हणजे?" हॉलमध्ये आठ-दहा माणसं. मी दोन हातांवर, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. ताई फोटोकडेच बघत होती.

"मावशीकडे आहे आणि आपल्याकडे नाही म्हणून पोटात दुखतं ना, ते."

"तुझं दुखतं?"

"आता नाही. चल, ती तलवारवाली बघू."

जाऊबाई हसल्या. हळूच, पण हसल्या. तलवारवाली म्हणजे क्षमा. मी पेढे वाटत सुटले.

रात्री हॉल बंद झाल्यावर फोटो उतरवला. भिंतीवर नुसता खिळा आणि चौकोनी डाग राहिला, म्हणून प्रिंट काढून चौकट पुन्हा अडकवली. नावाची पट्टी दुहेरी टेपने चिकटवली होती, ओढली तर रंगाचा पापुद्रा यायला लागला. म्हणून ती राहिली. तुमचा तो आरसा असा तयार झाला.

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "उतरवलास कशाला?"

"तुला वाईट वाटलं म्हणून."

"मी म्हटलं तसं? काल सगळ्यांनी बघितला, आज नाही. आता म्हणतील, हिनेच काढायला लावला. म्हणजे खरंच तशीच."

पुन्हा लावू का, विचारलं. फोन ठेवला होता.

दारावर मी एक टिपण लावलं होतं, मोठ्या ऐटीत: "पटावरचा साप म्हणजे माणूस नव्हे, घर. कवड्या पडतील तसं कुणीही त्यावर येतं आणि पुढच्या डावाला निघून जातं." ते लिहिणारीला आज विचारावंसं वाटतं, मग बाई, त्या घराला तू कायमचा चेहरा कशाला दिलास? ती म्हणेल, चेहरा नसता तर ते शब्दकोशातले सहा शब्द झाले असते, कोण थांबलं असतं बघायला? शिवाय ताईने होकार दिला होता, नाव आधी सांगितलं होतं. हेही खोटं नाही. अमेरिकेत १९४३ साली मिल्टन ब्रॅडली या खेळ बनवणाऱ्या कंपनीने सापशिडीतले सापच काढून घसरगुंड्या घातल्या, ते मी आधी चेष्टेने सांगत असे. फोटो उतरवून मी तेच केलं का? काही दिवशी वाटतं, हो. काही दिवशी वाटतं, काढला तेव्हाच चुकलं. मालिका पुन्हा मांडायची झाली तर तिथे काय लावीन, माहीत नाही. कृपा करून सुचवू नका.

गेल्या दिवाळीत ताई म्हणाली, "तो नथीतला फोटो आहे ना? माझा तेवढाच एक धड आहे. खालची पट्टी नको, नुसता दे." प्रिंट काढून ठेवलीय, बटरपेपरमध्ये, कपाटात. तिचं घर स्कूटरवरून वीस मिनिटांवर आहे. पाडवा झाला, संक्रांत झाली. अजून नेऊन दिलेली नाही.