पोट भरल्यावर उरणारी भूक

गेल्या महिन्यात एका तरुण मुलीचा मला फोन आला. तिला वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे आणि माझी शस्त्रक्रिया ३ वर्षांपूर्वी झाली आहे, हे तिला कळले होते. तिने प्रथिनांची भुकटी, लहान चमचे, मोजमापाचे पेले, जीवनसत्त्वांच्या गोळ्या अशी सगळी यादी वाचून दाखवली आणि विचारले, "ताई, अजून काय काय घेऊन ठेवू?" यादीत काही कमी नव्हते. माझीही यादी अशीच पूर्ण होती. रक्ताच्या तपासण्या, एन्डोस्कोपी, भूलतज्ज्ञांची भेट, यकृताचा आकार कमी व्हावा म्हणून आधीचे २ आठवडे पाळलेला आहार, यांतले काहीच मी चुकवले नव्हते. तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात रोज संध्याकाळी सातच्या सुमारास मला रडू येत असे आणि त्याचे कारण मला कोणालाही सांगता येत नव्हते. म्हणून तिला फोनवर जे नीट सांगता आले नाही, ते येथे लिहीत आहे.

माझी शस्त्रक्रिया स्लीव्ह पद्धतीची होती. या पद्धतीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक राहते. काढलेल्या भागाचा वरचा कोपरा म्हणजे घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक मुख्यत्वे जिथे तयार होते तीच जागा, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अनेकांची भूक एकाएकी मंदावते. हे मला आधी समजावून सांगितले होते आणि मी ते ऐकून सुखावले होते, कारण आयुष्यभर मी स्वतःला खादाड समजत आले होते आणि भूक गेली की प्रश्नच मिटला, असा माझा हिशेब होता. भूक खरोखरच गेली. पण खावेसे वाटणे मात्र जिथल्या तिथे राहिले. शरीर काहीच मागत नाही आणि मन मात्र रिकामे हात चोळत बसते, ही अवस्था ज्याने अनुभवली नाही त्याला ती समजावणे कठीण आहे.

शस्त्रक्रियेआधी समुपदेशक बाईंनी मला एक काम दिले होते. २ आठवडे रोज वहीत लिहायचे, पण काय खाल्ले ते नाही, तर खाण्याच्या आधी काय घडले ते. मला ते पोरकट वाटले. मी ४ दिवस लिहिले आणि सोडून दिले. तपासणीच्या दिवशी उरलेली पाने आठवणीने भरून नेली. पुढे ते रडण्याचे दिवस सुरू झाले तेव्हा मी ती वही शोधून काढली. खऱ्या लिहिलेल्या ४ दिवसांच्या पानांवर "भावाचा फोन झाला, मग उभ्याउभ्या खाल्ले", "कार्यालयातून आले, घरात कोणी नव्हते", "उद्याच्या बैठकीची भीती" असे होते. भूक लागली होती असे फक्त एकदाच लिहिलेले होते. ज्याला मी खादाडपणा म्हणत होते, तो माझा सोबती होता, आणि त्याला निरोप न देताच मी त्याचे घर पाडून आले होते. ही वही शस्त्रक्रियेआधी प्रामाणिकपणे भरावी असे मी आज कळकळीने सांगते, कारण जी जागा रिकामी होणार आहे ती किती मोठी आहे हे आधी कळले, तर तिथे दुसरे काहीतरी हळूहळू रुजवता येते. फिरणे, कोणाशी तरी बोलणे, हाताने करायचे एखादे काम, जे काही असेल ते. मात्र ते शस्त्रक्रियेच्या आधीच सवयीचे झालेले हवे.

जेवणाचे म्हणाल तर सुरुवातीला पातळ द्रव, मग गाळलेले, मग मऊ असे करत नेहमीच्या अन्नापर्यंत यायला बहुतेकांना ६ ते ८ आठवडे लागतात. नियम पाळणे मला जड गेले नाही. जड गेला तो एक क्षण. पहिल्यांदा सर्वांबरोबर ताटावर बसले तेव्हा समोर लहानशी वाटी होती. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावत, चमचा खाली ठेवत मी जेवत होते. सातव्या घासाला नाक वाहू लागले आणि शिंक आली. ती पोट भरल्याची खूण असते, हे मला ठाऊक होते. वाटी निम्मी भरलेलीच होती. आई म्हणाली, "अगं, एवढंसंच?" तिच्या आवाजात काळजी होती, पण मला ऐकू आले ते असे, की आता तू आमच्यातली राहिली नाहीस. आपल्या घरच्यांना आधीच बसवून सांगायला हवे होते, की मी कमी खाईन ते नाराजीने नव्हे, आणि मला आग्रह करू नका.

यानंतर लोकांच्या कौतुकाचा काळ येतो. केस गळत असतात (साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात अनेकांचे गळतात आणि बहुधा पुन्हा येतात), त्वचा सैल पडलेली असते आणि लोक मात्र तोंडभरून स्तुती करत असतात. एका सहकाऱ्याने ११ वर्षांत प्रथमच माझ्यासाठी लिफ्टचे दार धरून ठेवले. मी आभार मानले आणि जागेवर येऊन बराच वेळ सुन्न बसून राहिले. आधीच्या ११ वर्षांत त्या दाराशी कोण उभे होते? त्या बाईबद्दल मला इतकी माया वाटली, जितकी ती असताना कधी वाटली नव्हती. गंमत अशी, की शरीर बदलले तरी मनातले चित्र लगेच बदलत नाही. ३८ किलो उतरल्यावरही मी दोन खुर्च्यांमधून अंग चोरून, आडवी होऊन जात असे.

नात्यांविषयी आधी बोलून ठेवावे. स्वीडनमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा शस्त्रक्रियेनंतर घटस्फोट आणि विभक्त होण्याचे प्रमाण वाढलेले आढळले, तसेच एकट्या असलेल्यांमध्ये नवी नाती जुळण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले. बदलणारे माणूस घरातल्या जुन्या मांडणीत बसत नाही, एवढाच मी त्याचा अर्थ घेते. माझे पती सहा महिन्यांनी एकदा म्हणाले, "आपण दोघं मिळून काय करायचो, तर जेवायला जायचो. आता काय करायचं?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला वर्ष लागले.

एका गोष्टीबद्दल मात्र मी स्पष्टच लिहीन. अन्नाची सोबत सुटली की मन दुसरा आधार शोधते आणि तो दारूचा असू शकतो. विशेषतः जठराच्या बायपासनंतर (वजन कमी करण्याची दुसरी पद्धत, जिच्यात जठराचा लहानसा भाग थेट लहान आतड्याला जोडतात) मद्य रक्तात लवकर आणि जास्त प्रमाणात चढते. अमेरिकेतील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मद्याच्या समस्येचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी वाढलेले दिसले होते, म्हणजे सगळे सुरळीत झाले असे वाटू लागते नेमके तेव्हा. काही जणांमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे विचारही याच काळात बळावतात. ज्यांना नैराश्याचा पूर्वेतिहास आहे त्यांनी तो लपवू नये. शस्त्रक्रिया नाकारली जाईल या भीतीने तर अजिबात नाही. बायपासनंतर काही औषधांचे शोषणही बदलते, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञांना या शस्त्रक्रियेची कल्पना द्यावीच लागते.

वजन साधारणपणे १२ ते १८ महिन्यांपर्यंत उतरते, मग थांबते, आणि पुढे थोडे परत चढणे हे अनेकांच्या बाबतीत घडते. १९८७ साली सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात रुग्णांचे जीवनमान पहिल्या वर्षी सर्वाधिक उंचावले, नंतर काहीसे उतरले आणि सहाव्या वर्षानंतर स्थिरावले. १० वर्षांनीही ते शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा चांगलेच होते. हे मला माहीत असूनही तिसऱ्या वर्षी काट्यावर ४ किलो वाढलेले दिसले, तेव्हा मी लाजेने दोनदा तपासणीची वेळ टाळली. ज्या लाजेपायी मी इतकी वर्षे डॉक्टरांकडे जात नव्हते, तीच लाज जठराबरोबर कापली गेली नव्हती. तिसऱ्या वेळी गेले, तेव्हा आहारतज्ज्ञांनी फक्त विचारले, "वही चालू आहे का?"

त्या मुलीला मी शेवटी यादीत एक कोरी वही लिहायला सांगितले होते. पाच दिवसांनी संध्याकाळी सातला तिचा पुन्हा फोन आला. "ताई, आज भूक नव्हती," ती म्हणाली, "फक्त घरात कोणी नव्हतं." आम्ही चाळीस मिनिटे बोललो. तिच्या शस्त्रक्रियेला अजून ९ दिवस आहेत.