तुम्ही विचारलंत म्हणून: गिऱ्हाईक कपड्यांवरून ओळखता येतं का?

मी कापडाच्या दुकानात बसते असं कळलं की लोक एक प्रश्न हमखास विचारतात. माणूस पायरी चढला की त्याच्या कपड्यांवरून तुम्हांला कळतं ना, हा घेणार की नुसतं बघून जाणार? त्याला जोडून दुसराही येतो: मग खरेदीला जाताना जरा चांगलं नेसूनच जावं ना?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं दुकान कोकणातल्या राजापूरच्या बाजारपेठेत आहे, सासऱ्यांच्या वडिलांपासूनचं. या भागात अंगावरचे कपडे खिसा सांगत नाहीत, आजचं काम सांगतात. मार्च ते मे या दिवसांत ज्याच्या शर्टावर काळपट डाग असतील तो बहुतेक बागायतदार. आंबा देठातून तुटला की चीक उडतो, तो कातडी भाजतो आणि कापडावर पडला तर पुन्हा निघत नाही. म्हणून बागेत जाताना माणूस फाटकाच शर्ट घालतो, आणि पेट्या गाडीत चढवून झाल्या की त्याच शर्टावर बाजारात येतो, कारण मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला त्याला दुसरा वेळच नसतो. चिरेखाणीवरचा माणूस नखशिखांत तांबडा असतो, मग तो चिरे काढणारा असो वा खाणीचा मालक. काजूच्या कारखान्यातल्या बायकांची बोटं टरफलातल्या तेलाने काळी पडतात, सालं निघतात. त्या बोटांनी रेशमाला हात लावायला त्या स्वतःच बिचकतात. जवाहर चौकात पुराचं पाणी शिरतं त्या दिवशी तर मी मी म्हणणारे व्यापारी गुडघाभर चिखलात तागे डोक्यावर घेऊन माळ्यावर चढवत असतात. तेव्हा मालक कोण आणि हमाल कोण, ओळखून दाखवा.

किनाऱ्याकडची गिऱ्हाइकं वेगळी. नाटे, साखरीनाट्याहून येणाऱ्या बायका मासळी विकून झाली की थेट एसटी पकडतात. त्यांची खरेदी १ जूनच्या आत व्हावी लागते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत हातात येणारा पैसा आटतो. त्यांच्यातल्या एक काकी वर्षानुवर्षं आमच्याकडे येतात. घरची होडी आहे, भावकीतल्या लग्नांच्या मानपानाच्या साड्या डझनावारी नेतात. पण गादीवर बसत नाहीत. कडेला उभ्या राहून, पदर आवळून म्हणतात, “मी उभ्यानंच बघते गो. कपड्यांना वास लागेल.” आमच्या दुकानात त्यांना कोणी कधी काही बोललेलं नाही. तरी ही भीती त्यांच्या अंगात मुरलेली आहे, म्हणजे कुठेतरी, कोणीतरी, केव्हातरी बोललं असणार. मला या गोष्टीचा फार त्रास होतो. हिशेब केला तर इस्त्रीच्या कपड्यांत येणाऱ्या गिऱ्हाइकांपेक्षा आमचं घर त्या काकींनी जास्त चालवलंय.

आता याच्या उलट बाजू. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी येतात. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा बनियन, पायात रबरी चपला, अशा वेशात ते बाजारभर फिरतात आणि कुठल्याही दुकानात त्यांना “या दादा, बसा” होतं. त्यांच्या बोलण्यातली मुंबई, हातातला मोबाईल, पार्किंगवरून घातलेली हुज्जत, यातून जी खात्री पटते तिला कपड्यांची गरज उरत नाही. त्याच वेळी वाडीवरून पहाटेच्या गाडीने आलेली बाई मात्र ठेवणीतली साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून आलेली असते. आमच्याकडे अशा साडीला ‘बाजाराची साडी’ म्हणतात. ट्रंकेच्या तळाशी असते, तालुक्याच्या कचेरीत, बँकेत, डॉक्टरकडे आणि आमच्यासारख्या दुकानात जाताना निघते. ज्याला आपल्याला मान मिळेल याची खात्री असते तो कसाही येतो. ज्याला ती नसते तो नटून येतो. इतक्या वर्षांत मला दिसलेली गोष्ट ही एवढीच.

म्हणूनच “कपड्यांत काय आहे, साधं राहावं” हा सल्ला मी कोणाला देत नाही. तो सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. आमच्या याच मुंबई–गोवा रस्त्यावर महाड आहे. १९२७च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि डिसेंबरात दुसरी परिषद भरली. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी मुद्दाम वेगळं बोलले. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसण्याची पद्धत, गळाभर गळसऱ्या, हातभर चांदीचे नाहीतर कथलाचे दागिने, या खुणांवरून लोक तुमची जात ओळखतात, त्या खुणा टाका, असं त्यांनी सांगितलं. लुगडं पायघोळ नेसा, जुनं-फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. कोणी कसं नेसावं यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. बायकांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली असं सांगतात. तळ्याच्या पाण्याच्या लढ्यात लुगड्याचा विषय बाबासाहेबांना इतका महत्त्वाचा का वाटला असेल, हे कापड विकणाऱ्या माणसाला लगेच समजतं. अंगावरचं वस्त्र पाहून माणसाला आत घ्यायचं की पायरीवर थांबवायचं, हे तेव्हा उघड उघड ठरायचं. त्यामुळे कोणी बाई स्वच्छ, नेटकी साडी नेसून बाजारात आली आणि शेजारणींनी “लग्नाला निघालीस की काय?” म्हणून तिची थट्टा केली, तर मला राग येतो. ती थट्टेची गोष्टच नाही.

पुढे आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात, हॉटेलात यायला अटकाव करता येणार नाही, आणि त्याच्याच पुढच्या ओळीत विहिरी, तलाव, स्नानघाट. दुकान आणि तलाव शेजारी शेजारी लिहिले गेले, हे मला फार बरोबर वाटतं. कपड्यांचं नाव त्या यादीत नाही. पण पायरीवर उभ्या माणसाची जात किंवा गाव दुकानदार कशावरून ताडतो? कपड्यांवरून आणि बोलण्यावरूनच.

दुकानदार असं का करतात, तेही सांगायला हवं. लग्नसराईत दुकान भरलेलं असतं, माणसं कमी असतात. एक साडी उलगडून, पदर दाखवून, पुन्हा मूळ घडीवर आणायला वेळ जातो, आणि पन्नास साड्या उलगडून गिऱ्हाईक उठून गेलं की घड्या घालताना मुलांचे हात भरून येतात. तो वेळ वाचवायला अंदाज बांधले जातात. गिऱ्हाईक बसायच्या आत “केवढ्यापर्यंतची दाखवू?” हा प्रश्न येतो तो त्याच अंदाजातून. विचारणाऱ्याला तो सोयीचा वाटतो, पण समोरच्या बाईला चारचौघांत आपली ऐपत बोलून दाखवावी लागते. शहरातल्या एका सोन्याच्या दुकानात माझ्या नणंदेला हेच विचारलं, तेही ती उभी असतानाच. ती तशीच बाहेर आली. पाटल्या करायचे पैसे तिच्या पिशवीत होते.

आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो की किंमत विचारायची नाही, कार्य विचारायचं. लग्न घरचं की भावकीतलं? साडी वरमाईला की करवलीला, की मानपानाची? एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं, कारण कोकणात साडीची किंमत नात्यावरून ठरते आणि ती गिऱ्हाइकाने घरून ठरवूनच आणलेली असते. उरलेलं हात सांगतात. जाणती बाई आधी पदर बघत नाही, काठ उलटा करून मागची बाजू बघते. हातमागाची खरी पैठणी असेल तर मागची वीणही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. ही पारख मी पायात तुटक्या चपला असलेल्या आज्यांकडे पाहिली आहे. बुरख्यातून फक्त बोटं दिसणाऱ्या, कापड चिमटीत धरताक्षणी सुती की मिसळ ते सांगणाऱ्या एका चाचींकडेही पाहिली आहे. आणि भारी घड्याळ घातलेल्यांना ती नसल्याचंही पाहिलं आहे.

आणि नुसतं बघायला येणाऱ्यांचं काय? त्यांनी जरूर यावं. “घेन्याचं ठरलेलं नाय, नुसतं बघू दे हां,” असं सांगून एखादी पोर शालू अंगावर धरून आरशात बघते, तेव्हा मी दिवा लावायला सांगते. त्यातल्या कितीतरी जणी पुढे आईला घेऊन येतात. न आल्या तरी घडी घालायला आम्ही आहोतच.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं. नटून यावंसं वाटलं तर खुशाल नटून या, मी साडीची तारीफ करीन आणि कुठून घेतली तेही विचारीन. कामावरून तसेच आलात तरी गादीवर बसा, कडेला उभे राहू नका. चादर मळली तर मळू दे, ती दर सोमवारी धुवायला जातेच. चिखलाचे पाय धुवायचे असतील तर मागच्या दाराला नळ आहे, साबण तिथेच ठेवलाय.