जपानमध्ये बॅगेत चाकू: "असू दे, लागेल कधीतरी" हे उत्तर देऊ नका

जपानहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाकडे घरचे हमखास दोन गोष्टी मागतात, माचा किटकॅट आणि सुरी. आमच्या नात्यात तर एका मावशीला सुरी दिली की पुढच्या वेळी तिच्या दोन जावांच्या ऑर्डरी तयार असतात. आणि मागणारच ना, सुऱ्या आहेतच तशा, टोमॅटोवर नुसती ठेवली तरी काप पडतो. टोकियोत उएनो आणि आसाकुसाच्या मधे कप्पाबाशी म्हणून रस्ता आहे, हॉटेलवाल्यांच्या सामानाची दुकानं एकाला लागून एक, पुण्याच्या बोहरी आळीतून गर्दी आणि आरडाओरडा काढून टाकला तर जे उरेल ते. तिथे सुऱ्यांच्या खास दुकानांत फूटभर लांब पात्याच्या सुऱ्या भिंतीवर ओळीने लावलेल्या असतात, कोणीही जा, पैसे द्या, पात्यावर नाव कोरून घ्या, घेऊन या.

म्हणून इथे नवीन आलेल्या माणसाला वाटतं की चाकूच्या बाबतीत हा देश एकदम बिनधास्त आहे. तसं अजिबात नाहीये. विकत घ्यायला बिनधास्त, घरात ठेवायला बिनधास्त, पण बॅगेत टाकून रस्त्यावर फिरायला अत्यंत कडक. आणि यात आपली भारतीय मंडळी बरोब्बर अडकतात, गुंडगिरी म्हणून नाही हो, सवय म्हणून.

कायदा साधारण असा आहे. इथला बंदुका-तलवारींचा कायदा १९५८ सालचा. त्यात म्हटलंय की ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचं हत्यार कामासाठी किंवा दुसऱ्या योग्य कारणासाठी असेल तरच बाहेर जवळ बाळगायचं. नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड. घडीच्या चाकूला थोडी सूट आहे, पातं ८ सेंटिमीटरपर्यंत चालतं, पण मग ते रुंदीला दीड सेंटिमीटरच्या आत पाहिजे, जाडीला अडीच मिलिमीटरच्या आत पाहिजे आणि उघडल्यावर लॉक होणारं नको. म्हणजे कॅम्पिंगवाले जे मजबूत लॉकवाले चाकू घेतात ते नेमके या सवलतीतून बाहेर.

मग लोक हुशारी करतात, की माझा तर पाचच सेंटिमीटरचा आहे, चला सुटलो. नाही सुटलात. किरकोळ गुन्ह्यांचा वेगळा कायदा आहे, १९४८ चा, त्यात सेंटिमीटरचा विषयच नाही. कुणाला इजा होऊ शकेल अशी वस्तू योग्य कारणाशिवाय लपवून बाळगली की झालं, आणि बॅगेत असली म्हणजे लपवलेलीच. शिक्षा छोटी आहे, एकोणतीस दिवसांपर्यंत कोठडी किंवा दहा हजार येनच्या आतला दंड, पण पोलीस स्टेशनची वारी तीच. गाडीच्या डिकीत पडलेला चाकूसुद्धा "बाळगलेला" धरतात. आणि चाकूचंच कशाला, २००३ पासून घरफोडीच्या हत्यारांचाही कायदा आहे, त्यात सपाट टोकाचा स्क्रूड्रायव्हर लांबीला १५ सेंटिमीटर आणि टोकाला अर्धा सेंटिमीटर किंवा जास्त असेल तर तोही उगाच लपवून घेऊन फिरायचा नाही. हे मला कळलं तेव्हा मी आधी सायकलच्या पिशवीतली पान्ह्यांची पुरचुंडी उपसून बघितली.

आता सगळा खेळ कशावर आहे तर "योग्य कारण" या दोन शब्दांवर. चाकू कुठला, किती धारदार, हे नंतर. आधी प्रश्न हा की आज, आत्ता, इथे तो तुझ्याकडे का आहे. शेफ आहे, कामावर चाललाय, सुऱ्यांचा रोल काखेत, ठीक. दुकानातून आत्ता विकत घेतली, खोक्यात आहे, पावती आहे, घरी चाललोय, ठीक. कॅम्पिंगला चाललोय, तंबू आणि शेगडी पाठीवर दिसतेय, ठीक. पण कॅम्पिंगहून परत आल्यावर तीच सॅक पुढच्या महिन्यात ऑफिसला घेऊन गेलात तर कारण संपलं, चाकू मात्र तसाच.

आमच्या एका मित्राचं अगदी हेच झालं. नाव नको, आयटीवाला, स्वभावाने इतका सरळ की रिकाम्या रस्त्यावरही सिग्नल हिरवा होईपर्यंत उभा राहील. मेच्या सुट्टीत मंडळी डोंगरात कॅम्पिंगला गेलेली, तिथे कांदे-बटाटे याच्याच चाकूने कापलेले, सगळ्यांनी कौतुक केलेलं. मग पावसाळा सुरू झाला, याची नेहमीची बॅग भिजली म्हणून ती सॅक काढली, लॅपटॉप टाकला आणि गेला ऑफिसला. संध्याकाळी स्टेशनबाहेर दोन पोलिसांनी थांबवलं, एकदम नम्रपणे, सॉरी हं, जरा दोन मिनिटं, रेसिडन्स कार्ड (इथलं परदेशी माणसाचं ओळखपत्र) दाखवता का, बॅगेत काही धोकादायक नाही ना. हा म्हणाला बघा की, काही नाहीये, आणि स्वतःच चेन उघडून दिली. पुढच्या कप्प्यात चाकू. लॉकवाला. तिथेच पट्टी काढून मोजला, साडेसातच्या आसपास भरला.

मग विचारलं, हा कशासाठी. कॅम्पिंगचा आहे, काढायचा राहिला, एवढंच बोलून हा गप्प बसला असता तरी केस झालीच असती, विसरलो म्हणणं हे काही कारण होत नाही. पण आपला माणूस घाबरला की जास्त बोलतो. तो म्हणाला, असू दे म्हणून ठेवतो, लागतो कधीतरी, भूकंप-बिकंप झाला तर. झालं! त्यांना हवं होतं तेच याने हसतमुखाने दिलं, की तो चाकू तिथे आहे हे मला माहीत होतं आणि आज त्याचं काही काम नव्हतं.

मला फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. वहिनी मुलांना घेऊन नाशिकला गेलेल्या, आणि इथे असं सोडताना कुणातरी जबाबदार माणसाने येऊन, सही करून घेऊन जावं लागतं. "अरे, येतोस का जरा, कार्ड घेऊन ये, आणि हिला काही कळवू नकोस" एवढंच बोलला. मी पोचलो तर हा एका छोट्या खोलीत बसलेला, समोर चहा, आणि चेहरा दहावीचा निकाल लागल्यासारखा. बोटांचे ठसे घेऊन झालेले, चाकू टेबलावर ठेवून त्याकडे बोट दाखवतानाचा फोटो काढून झालेला. जबाब पोलिसांनी जपानीत लिहिलेला, तो दुभाष्याने फोनवर इंग्रजीत वाचून दाखवला, मग सही आणि बोटाचा ठसा. शेवटी अजून एक कागद, की या चाकूवरचा हक्क मी स्वखुशीने सोडतो. स्वखुशीने! चांगला महागातला चाकू होता तो. कुणी आवाज चढवला नाही, कुणी अपमान केला नाही, हे खरं सांगायला पाहिजे. पण कागद मात्र सरकारी वकिलाकडे गेले ते गेलेच, आणि नंतर तिकडून पत्र येऊन परत एकदा हजेरी लावावी लागली. खटला भरला नाही, पण नोंद राहिली.

आणि हे "भूकंपासाठी" प्रकरण फक्त परदेशी माणसांना नडतं असंही नाही. ओसाकात एका जपानी माणसाकडे साधा बहुउपयोगी चाकू सापडला, तो ज्यात बाटली उघडायचं, कात्री, स्क्रू सगळंच असतं तसला. तो म्हणाला अडीअडचणीला उपयोगी म्हणून ठेवतो. ९,९०० येन दंड, आणि २०२३ मध्ये वरच्या कोर्टानेही तोच कायम ठेवला. आपल्या चलनात पाच-सहा हजार रुपये, म्हणजे रक्कम काहीच नाही, पण माणूस एवढ्यासाठी हायकोर्टापर्यंत गेला यावरून त्याला किती लागलं असेल ते बघा. उलट दुसरी केस २००९ ची, त्यात एक जण स्वसंरक्षणाचा स्प्रे खिशात ठेवून रात्री सायकलिंगला गेलेला, त्याला सुप्रीम कोर्टाने निर्दोष सोडलं, कारण त्याच्या नोकरीत मोठ्या रकमा न्यायच्या असायच्या आणि त्यासाठीच तो स्प्रे घेतलेला. हे वाचून कुणी "स्वसंरक्षण" म्हणून चाकू ठेवायला जाऊ नका, पोलिसांसमोर त्याच्याइतकं वाईट उत्तर दुसरं नाही.

एवढा कडकपणा आला कुठून? तसं बघितलं तर इथे सामान्य माणसाच्या हातून हत्यार काढून घेण्याची परंपरा जुनीच. १५८८ मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा करून घेतल्या, १८७६ मध्ये मेइजी सरकारने सामुराईंनाही कमरेला तलवार लावून फिरायला बंदी केली. पण आत्ताच्या लोकांच्या डोक्यात आहे ते ८ जून २००८. टोकियोतलं अकिहाबारा, रविवारची दुपार, रस्ता चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवलेला, एकाने भाड्याचा ट्रक गर्दीत घातला आणि उतरून खंजिराने लोकांना भोसकलं. सात माणसं गेली. त्यानंतर कायदा बदलला आणि दुधारी खंजीर साडेपाच सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर तो घरात ठेवणंही बंद झालं. गंमत म्हणजे त्यात कालवं उघडायचे काही दुधारी चाकूही सापडले, बिचारे कालवंवाले. मग २०१८ मध्ये शिंकानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, हल्ला झाला, त्यानंतर ट्रेनमध्ये उघडी, न गुंडाळलेली सुरी न्यायला बंदी आली. २०२१ मध्ये टोकियोच्या लोकलमध्ये पुन्हा दोनदा. बंदूक इथे मिळतच नाही जवळजवळ, त्यामुळे भीती सगळी चाकूची.

मला स्वतःला हा कायदा पटतो की नाही? अर्धा पटतो. रात्री एक वाजता माझी बायको स्टेशनवरून एकटी चालत येते आणि मला झोप लागलेली असते, ते सुख मी नाकारणार नाही. पण थांबवतात कुणाला हाही प्रश्न आहेच. गोऱ्यागोमट्या सुटाबुटातल्या माणसाला किती वेळा आणि आपल्या रंगाच्या माणसाला किती वेळा, हे इथे राहणारा कुणीही सांगेल. जानेवारी २०२४ मध्ये परदेशी मुळाच्या तिघांनी याच मुद्द्यावर टोकियोच्या कोर्टात केस टाकली, की दिसण्यावरून आम्हाला पुन्हा पुन्हा अडवतात. कायद्याने बॅग दाखवणं ऐच्छिक आहे असं वकील सांगतात. प्रत्यक्षात नाही म्हणालात तर अजून दोन पोलीस येतात, मग चार, आणि तुमची शेवटची ट्रेन जाते.

आपल्याकडचा कायदा मोजमापाचा, म्हणजे शस्त्र कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला परवाना, त्यातही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली. बाकी सणासुदीला पोलिसांचे मनाई आदेश पेपरात येतात, तेवढे दिवस सांभाळायचं. त्यामुळे आपली अख्खी पिढी ट्रेनमध्ये चाकू काढून काकडी कापत, मीठ लावून समोरच्या अनोळखी माणसाला फोड देत मोठी झालीय. हेच आई-बाबा इथे येतात तेव्हा पर्समधे फळं कापायची छोटी सुरी असते, बाबांच्या पिशवीत अडकित्ता असतो. विमानात चेक-इन बॅगेतून येतो, कुणी अडवत नाही, त्यामुळे चालतंय असं वाटतं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला बागेत जाताना डब्यात अख्खी सफरचंदं आणि सोबत गुंडाळलेली सुरी असेल तर कारण समोर दिसतंय. पण दुसऱ्या दिवशी देवळं बघायला जाताना तीच पर्स तशीच? संध्याकाळीच रिकामी करून घ्या, किंवा सरळ फळं घरूनच कापून न्या. माझ्या सासूबाईंना हे पटवायला फार वेळ लागला, "मी म्हातारी बाई काय कुणाला भोसकणारे" हा त्यांचा मुद्दा, आणि मला त्यावर उत्तर नव्हतं.

सुऱ्या भारतात न्यायच्या तर दुकानातून खोक्यात, पावतीसकट, आणि थेट घरी. पिशवी घेऊन मग दिवसभर टोकियो हिंडायचं असेल तर खरेदी शेवटी ठेवा. विमानात फक्त चेक-इनमध्ये.

मित्राचं विचाराल तर खटला झाला नाही म्हणजे गुन्हेगार म्हणून नोंद नाही, पण पोलिसांकडची नोंद राहते. व्हिसा वाढवायच्या फॉर्मवर गुन्ह्याबद्दलचा प्रश्न असतो, तिथे काय लिहायचं हे विचारायला तो वकिलाकडे गेला. वकील म्हणाला, शिक्षा झालेली नाही तर "नाही" हेच खरं उत्तर, पण पर्मनंट रेसिडन्सीचा अर्ज करशील तेव्हा सोबत काय झालं होतं ते एका पानात लिहून जोड, त्यांना नंतर स्वतःहून कळण्यापेक्षा बरं. सध्या ते एक पान लिहिणं चालू आहे. वहिनींना सांगावं लागलं हे वेगळं सांगायला नको, कारण जपानीत लिहून देणाऱ्या त्याच.