न्यू व्हॉल्यूम

पुण्यात शनिवारवाड्याजवळ मुठेवर एक पूल आहे. इंग्रजांच्या काळात बांधलेला, वयाने शंभरी गाठलेला, कागदोपत्री शिवाजी पूल. पण रिक्षावाल्याला सांगायचं ते 'नवा पूल'. आमच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हचंही तसंच. मशीन २०१४ सालचं, आणि ड्राइव्हचं नाव 'न्यू व्हॉल्यूम'. जोडून देणाऱ्या मुलाने विंडोजने सुचवलेलं नाव तसंच पुढे ढकललं आणि आम्हीही त्याचं बारसं कधी केलं नाही. तुमच्याकडेही एकदा बघा.

घरात कॉम्प्युटर आला की जोडणारा एक मंत्र देऊन जायचा: "महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा." विंडोज सी मध्ये. ते बिघडलं की सी उडवायचा, डी ला धक्का नाही. सल्ला खोटा नव्हता, पण अर्धा होता. आमच्या पहिल्या कॉम्प्युटरची ४० जीबीची डिस्क एके दिवशी टक, टक, टक करू लागली, घड्याळाचा काटा अडकल्यासारखी. मी निर्धास्त होतो. लेकीच्या बारशाचे फोटो डी मध्ये होते ना! दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "सर, डी पण त्याच डिस्कवर आहे." सी आणि डी म्हणजे एकाच चाळीतल्या दोन खोल्या, मधली भिंत पत्र्याची. छप्पर एकच, आणि ते खाली आलं होतं. बारशाचे चार फोटो उरले, तेही आत्याने छापून घेतले होते म्हणून.

तरी दुसरी डिस्क घ्यायला मला इतकी वर्षं लागली. तीही शहाणपणाने नाही, जागा संपली म्हणून. तापकीर गल्लीतून, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, २ टीबीची डिस्क आणली. चकचकीत राखाडी पिशवीत नुसती डिस्क. खोका नाही, केबल नाही, स्क्रू नाहीत. केबल दुकानदाराने वेगळी विकली. स्क्रू मागायची मला आठवण झाली नाही.

पण आमच्याकडे बाबा आहेत, आणि बाबांकडे श्रीखंडाचा डबा आहे. घरातल्या प्रत्येक मेलेल्या वस्तूचे स्क्रू त्या डब्यात जातात. बाबांनी वर्तमानपत्र पसरून डबा उपडा केला आणि आम्ही तांदूळ निवडायला बसल्यासारखे बसलो. मेख अशी की हार्ड डिस्कच्या स्क्रूचे आटे जाड असतात आणि डीव्हीडी रायटरच्या स्क्रूचे बारीक. डोकी मात्र सारखीच. बारीक आट्यांचा स्क्रू डिस्कमध्ये घातला तर नुसता गरगर फिरतो, धरत नाही. जाड आट्यांचे तीन स्क्रू बाबांनी नखाने चाचपून शोधले. चौथ्याला बराच वेळ लागला. तो मिळाल्यावर डब्यावर बोट आपटून म्हणाले, "आणि तू हे भंगारात घाला म्हणत होतास."

कॅबिनेटची बाजूची पट्टी सरकवली तर आत धुळीची गोधडी. रंगकामाच्या ब्रशने ती काढण्यात अर्धा तास गेला. डिस्कला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, अंगातली स्थिर वीज तिथेच उतरते. बाबांनी दोन्ही हात लावले, देवळात शिरताना पायरीला लावतात तसे.

पूर्वी पट्टीसारखी रुंद केबल असायची, चाळीस पिनांची. एकाच केबलवर दोन डिस्क लावायच्या तर एक मास्टर, एक स्लेव्ह, आणि ते ठरवायचं जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या मोहरीएवढ्या एका टोपीने. तो फरशीवर पडला की दिवस संपला. आता ती भानगड नाही. हल्लीच्या साटा (SATA) केबलचं तोंड इंग्रजी एल अक्षरासारखं असतं, उलटं बसतच नाही. एक टोक डिस्कला, दुसरं मदरबोर्डला, शेजारच्या रुंद खाचेत एसएमपीएसची, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याची, पॉवर. खट्. झालं. खरं काम दहा मिनिटांचं.

कॉम्प्युटर चालू केला. सी, डी, ई, नेहमीची मंडळी. नवी डिस्क नाही.

"बसली नाही वाटतं नीट," बाबा म्हणाले. बसली होती, कानाला तिची बारीक घरघर येत होती. पण विंडोज अनोळखी माणसाला दारातच उभं ठेवतं. विंडोजमधलंच डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, तिथे ती काळ्या पट्टीच्या रूपात थांबलेली असते. मग एमबीआर की जीपीटी हा प्रश्न: डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी. २ टीबीच्या वरच्या डिस्कला जीपीटीच लागतं. माझी काठावरची होती, पण मशीन आता नव्या पद्धतीचं, म्हणून जीपीटी.

पट्टीवरचा आकडा बाबांनी मोठ्याने वाचला. "अठराशे त्रेसष्ट. दोन हजारांचे पैसे दिलेस ना?"

मी समजावलं. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज एक हजार चोवीसने. वस्तू तितकीच असते, माप वेगळं.

"म्हणजे मापात पाप."

"पाप नाही हो बाबा."

"दूधवाल्याने असं सांगितलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस?"

याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. शिवाय सात टक्क्यांची घट म्हणजे थोडी नव्हे.

शेवटच्या खिडकीत नाव विचारलं. चौकोनात आधीच लिहून ठेवलेलं होतं: न्यू व्हॉल्यूम. मी सवयीने नेक्स्ट दाबलं, आणि स्क्रीनवर दोन न्यू व्हॉल्यूम झाले, एक अकरा-बारा वर्षांचा आणि एक अर्ध्या मिनिटाचा. नावापुढची कंसातली ड्राइव्हची अक्षरं बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाहीत. त्यांचे पेन्शनचे कागद नेमके कुठे ठेवायचे, हा प्रश्न उभा राहिला.

"एकाचं नाव बदल."

"कुठल्याचं?"

बाबांनी बराच विचार केला. "जुन्याचं नको. त्याला सगळे त्याच नावाने ओळखतात."

म्हणून नव्याचं नाव 'दुसरा' ठेवलं. बारशाच्या चार फोटोंचं स्कॅन आधी दोन्हीकडे टाकलं, मग बाकीचं सगळं उचलून पलीकडे सोडलं. विंडोज म्हणालं दोन तास, मग पाच, मग एकदम चाळीस मिनिटं. बाबा तोवर वर्तमानपत्रावरचे उरलेले स्क्रू डब्यात भरत होते. या वेळी जाड आट्यांचे वेगळे, रबर बँड लावलेल्या पुडीत.